जेट स्की चार महिने उभी करून ठेवायची तर

दापोलीजवळ होमस्टे चालवणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. गेल्या दिवाळीत त्यांनी दोन जुन्या जेट स्की, म्हणजे पाण्यावर चालणाऱ्या स्कूटर, घेतल्या, एक सी-डू आणि एक यामाहा, दोन्ही फोर-स्ट्रोक. हंगाम बरा गेला. आता पावसाळाभर त्या उभ्या राहणार. परदेशी व्हिडिओंत थंडीसाठी मशीन बंद करताना एक्झॉस्टमध्ये अँटिफ्रीझ ओतायला सांगतात. शेजारचा बोटवाला म्हणतो, तसलं काही नको, निळी ताडपत्री गुंडाळा आणि दर रविवारी पाच मिनिटं चालू करा. यातलं कुणाचं ऐकायचं?

कुणाचंच नको. मी मालवणच्या बाजूला या मशीनची कामं करतो आणि सप्टेंबरात माझ्याकडे येणाऱ्या स्की बहुतेक अशाच कुठल्यातरी सल्ल्याने बिघडलेल्या असतात. व्हिडिओवाले खोटं सांगत नाहीत. त्यांच्याकडे तळी गोठतात, इंजिनात आणि एक्झॉस्टमध्ये अडकलेलं पाणी बर्फ होताना फुगतं आणि धातू तडकवतं, म्हणून त्यांना अँटिफ्रीझ लागतं. आपल्या किनाऱ्यावर पाणी गोठण्याचा प्रश्नच नाही. तो खर्च वाचवा. मात्र त्यांच्या यादीतल्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे गोड्या पाण्याने धुणं, ऑइल बदलणं, पेट्रोलची आणि बॅटरीची काळजी, या आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त लागू आहेत. ते बहुतेक गोड्या पाण्याच्या तळ्यात चालवतात, आपण खाऱ्यात.

आपला शत्रू मीठ आहे, आणि त्याचा स्वभाव ओळखला तर पुढचं सगळं काम आपोआप कळतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळतं, क्षार तिथेच राहतात. उन्हाळ्यात ते निपचित पडून असतात. पण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतूनच पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि समुद्री मिठातला मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलावा धरतो. आषाढात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसंच तुमच्या स्कीच्या आत प्रत्येक क्लिपखाली, प्रत्येक बोल्टच्या गळ्याशी सुटतं. वर छप्पर असलं, पावसाचा थेंब लागला नसला, तरीही. जून ते सप्टेंबर ते खारं पाणी ॲल्युमिनियम आणि स्टीलच्या मधे बसून एखाद्या छोट्या बॅटरीसारखं काम करतं आणि ॲल्युमिनियम खातं. म्हणून मशीन झाकण्याआधी त्यातलं मीठ काढणं हे खरं काम. झाकणं त्याच्या नंतरचं.

कधी करायचं, हे आधी सांगतो, कारण इथेच सगळे उशीर करतात. जलक्रीडांना आपल्याकडे साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट बंदी असते, त्यामुळे लोक २५ तारखेपर्यंत गिऱ्हाईक घेतात आणि मग कामाला लागतात. २०२५ साली मान्सून २५ मे रोजीच तळकोकणात पोचला होता. २०२१ चं तौक्ते वादळ मेच्या मध्यावर आपल्या किनाऱ्याला घासून गेलं. २०२० चं निसर्ग ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली-मंडणगडच्या बागा त्याने कशा झोपवल्या ते तुम्हाला मी सांगायला नको. मीठ काढलेलं मशीन पूर्ण वाळायला कोरडे, उन्हाचे दोन-तीन दिवस लागतात. ते मेच्या तिसऱ्या आठवड्यात मिळतात, चौथ्यात मिळतीलच असं नाही. दोन स्की आहेत तर एक आधी बंद करा, दुसरीवर शेवटची गिऱ्हाइकं करा.

आता धुणं. त्याआधी ज्या पाण्याने धुणार ते चाखून बघा. हसू नका. समुद्राला लागून असलेल्या विहिरी आणि बोअर मे महिन्यात मचूळ होतात, आणि लोक त्याच पाण्याने तासभर मशीन धुतात. मिठाने मीठ निघत नाही. किंचितही खारट लागलं तर नळाचं पाणी टाकीत भरून घ्या किंवा वरच्या वाडीतून टँकर मागवा. दोन स्कींना मिळून पाचेकशे लिटर खूप झालं.

इंजिन आतून धुताना एक क्रम आहे आणि तो आपल्याकडे हमखास उलटा होतो. जेट स्कीला आधी इंजिन चालू करायचं, मग नळी सोडायची. बंद करताना आधी पाणी बंद, मग काही सेकंदांनी इंजिन. आपली पोरं आउटबोर्डवर, म्हणजे होडीच्या मागे टांगलेल्या इंजिनावर, शिकलेली असतात. तिथे पंख्याशी नळीचे रबरी 'कान' लावून आधी पाणी सोडतात, मग इंजिन मारतात, आणि तिथे ते बरोबरच आहे. तीच सवय स्कीवर वापरली की इंजिन बंद असताना सोडलेलं पाणी एक्झॉस्टमध्ये साचतं, त्याला बाहेर ढकलायला वायू नसतो, आणि ते मागे सरकत सिलिंडरमध्ये उतरू शकतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे त्यानंतर स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकण्यापर्यंत मजल जाते. म्हणून धुताना एकच माणूस बटणावर आणि नळावर ठेवा. एकाने ओरडायचं आणि दुसऱ्याने नळ सोडायचा, असं नको.

तुमच्या दोन मशीनमध्ये फरक आहे तो इथे. यामाहाचं इंजिन समुद्राच्या पाण्यावरच थंड होतं, म्हणजे खारं पाणी थेट ब्लॉकमधून फिरतं. तिला आतून धुणं सर्वात महत्त्वाचं. पाणी लावून तीनेक मिनिटं मंद वेगात चालू द्या, पाणी बंद करा, मग थ्रॉटलचे एक-दोन झटके देऊन आतलं पाणी बाहेर फेकायला लावा आणि लगेच बंद करा. पाण्याशिवाय १५ सेकंदांच्या वर चालवायची नाही. सी-डूच्या इंजिनात कूलंटचा बंद फेरा असतो, समुद्राचं पाणी इंजिनात जातच नाही. पण तिचं एक्झॉस्ट समुद्राच्या पाण्यानेच थंड होतं, आणि सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) असेल तर ती हवा थंड करणारा इंटरकूलरही. म्हणजे धुवायची तीही, फक्त एका वेळी दीड-दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही, कारण शाफ्टच्या, म्हणजे मागचा पंप फिरवणाऱ्या दांड्याच्या, सीलला जमिनीवर उभी असताना गारवा मिळत नाही. पुरेसं वाटलं नाही तर पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा करा. तिचा कूलंट किती वर्षांपूर्वीचा आहे हे आधीच्या मालकाला विचारा. माहीत नसेल तर बदलून टाका, आणि बदलताना तयार मिसळलेलाच घ्या. पातळी कमी दिसली म्हणून नळाचं पाणी ओतणं हा आपला सार्वत्रिक उपाय इथे चालत नाही.

बाहेरून धुणं सोपं आहे, पण इंजिनाची खोली लोक विसरतात. सीट काढा, मागचे दोन्ही ड्रेन प्लग (पाणी काढून टाकायची बुचं) काढा, पुढचं नाक वर येईल अशी स्की कलती करा. हलक्या धारेने आतला तळ, इंजिनाचे पाय, शाफ्टच्या आजूबाजूची जागा धुवा. हवा घेणारा पाइप, फ्यूजबॉक्स आणि कनेक्टर यांच्यावर पाणी मारू नका, तिथे ओल्या फडक्याने पुसा. प्रेशर वॉशर तर आत अजिबात नको. जी सीलं समुद्राचं पाणी अडवायला केलेली असतात, त्यांच्यातून तो जोर सहज आत शिरतो. साबण कार शाम्पूचा, बेताचा. धुऊन झाल्यावर सीट काढलेलीच ठेवून ऊन-वारा लागू द्या, खोलगट जागी साचलेलं पाणी स्पंजने टिपा.

वाळल्यावर टॉर्च घेऊन आत बघा. होज क्लॅम्पच्या कडेला पांढरी भुकटी दिसेल, ती राहिलेलं मीठ. बॅटरीच्या वायरीच्या टोकाला हिरवट पूड दिसली तर तांबं गंजायला लागलंय. इंजिनाच्या रंगाला कुठे फोड आला असेल तर नखाने टोचा. खाली पांढरा चुरा निघाला तर ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातंय, तिथे घासून प्राइमर मारावा लागेल. एवढी तपासणी झाली की धातूच्या भागांवर गंजरोधक स्प्रे मारा. डब्ल्यूडी-४० बहुतेकांकडे असतो. तो ओलावा हुसकायला चांगला, पण त्याचा थर पातळ असतो आणि आपला पावसाळा काढेल असा भरवसा मी ठेवत नाही. त्यावर मरीनचा जाड, मेणासारखा बसणारा स्प्रे किंवा सांध्यांवर बोटाने मरीन ग्रीस लावतो.

जेट पंप, म्हणजे मागे पाणी फेकून स्की पळवणारा भाग, हा दुसरा मोठा विषय, आणि बाहेरून दिसतो म्हणून लोक त्याला निरोगी समजतात. खालून जाळीतून टॉर्च मारा. शाफ्टवर तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला असणारच. आपल्या पाण्यात ज्या प्रमाणात मासेमारी होते, तिथे तो न सापडणंच नवल. दोन फेरे जरी सीलपर्यंत पोचले असले तरी ते सील कापतात आणि पुढच्या हंगामात हलमध्ये, म्हणजे स्कीच्या पोटात, पाणी येतं. पक्कड घेऊन सगळा काढा. मग इम्पेलरच्या (पंपातल्या पंख्याच्या) पात्यांच्या कडा बोटाने चाचपा. वाळूने धार बोथट झालेली असते, खड्याने टवका उडालेला असतो. पातं आणि भोवतालची भिंत यांच्यातली फट मोठी झाली असेल तर मशीन आवाज करतं पण पळत नाही. सी-डूत ती भिंत म्हणजे प्लास्टिकची वेअर रिंग, ती बदलता येते आणि फार महाग नाही. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात गिऱ्हाईक चढवून तिथूनच थ्रॉटल देत असाल तर ती दर हंगामाला बघा. स्की कमरेइतक्या पाण्यात नेऊन मगच सुरू करायची हा नियम पोरांना घालून द्या, निम्मी झीज तिथेच थांबते.

शक्य असेल तर पंप उतरवून घ्या. चार बोल्टांचं काम आहे. स्टेनलेसचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या घरात मिठासकट दोन-तीन पावसाळे बसले की पुढे ते निघत नाहीत, तुटतात, आणि मग चार बोल्टांचं काम लेथवर जातं. काढले की धागे ब्रशने साफ करा, जॅम न होणारी पेस्ट लावा, शाफ्टच्या खाचांना मरीन ग्रीस भरा आणि परत बसवा. सी-डूला झिजण्यासाठीच लावलेला जस्ताचा तुकडा असतो, ॲनोड. निम्म्याच्या वर खाल्ला गेला असेल तर नवा लावा. त्याला रंग मारू नका, मी मारलेला पाहिलाय. रंग मारला की तो झिजत नाही आणि त्याच्याऐवजी तुमचा पंप झिजतो.

ऑइल आता बदलायचं, सप्टेंबरात नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये जळालेल्या पेट्रोलची आम्लं आणि ओलावा असतो. चार महिने ते बेअरिंगांवर बसवून ठेवण्यात काही शहाणपण नाही. 'नवं ऑइल न चालवता फुकट जाईल' हे कारण मी दरवर्षी ऐकतो. बंद डब्यात ऑइल जसं राहतं, तसंच स्वच्छ इंजिनातही राहतं. इंजिन कोमट असताना डिपस्टिकच्या नळीतून सक्शन पंपाने ओढून काढा. काढलेलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर थांबा. आत पाणी गेलंय. तसं मशीन बंद करून ठेवायचं नाही, आधी कारण शोधायचं, ऑइल दोन-तीनदा बदलायचं. या एका लक्षणावर मशीन लगेच मेकॅनिककडे न्या.

पेट्रोलच्या बाबतीत परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. पंपावर आता मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि तुमच्या दोन्ही कंपन्यांची मॅन्युअलं १० टक्क्यांपर्यंतचं चालतं म्हणतात. हंगामात रोज भरून रोज जाळताना हे फारसं जाणवत नाही. उभ्या मशीनमध्ये जाणवतं, कारण इथेनॉल हवेतलं पाणी पितं, आणि पुरेसं पाणी प्यायलं की पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी बसतं. इंजिनाला पेट्रोल देणारा पंप नेमका तळातूनच ओढतो. यावर दोन मार्ग आहेत. शेड हवेशीर आहे, जवळ चूल-बंब नाही, तर टाकी जवळपास पूर्ण भरा, फ्यूएल स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध) टाका आणि त्यानंतर धुण्याच्या वेळी इंजिन चालवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल. भरलेल्या टाकीत ओली हवा शिरायला जागाच कमी उरते. पण स्की राहत्या घराच्या पडवीत किंवा होमस्टेच्या खोल्यांना लागून ठेवणार असाल तर मी भरलेली टाकी तिथे ठेवू देणार नाही. अशा वेळी हातपंपाने पेट्रोल काढा, गाडीत वापरून टाका आणि टाकी जेवढी रिकामी होईल तेवढी करा. वाईट म्हणजे अर्धी टाकी. तिच्यात ओल धरणारं पेट्रोलही असतं आणि भरपूर हवाही.

आता फॉगिंग. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला तेलाचा हात मारणं एवढाच त्याचा अर्थ. इंजिन कुठेही थांबलं तरी कुठल्यातरी सिलिंडरचा कुठलातरी व्हॉल्व्ह उघडा राहतोच, आणि एक्झॉस्टमधून ओली हवा वर चढते. पिस्टनच्या रिंगा तिथे गंजून चिकटतात. काम करण्याआधी सीट उघडी ठेवून आतली पेट्रोलची वाफ निघून जाऊ द्या. स्पार्क प्लगच्या खळग्यांतली धूळ आणि पाणी फुंकून काढा, नाहीतर ते थेट आत पडतं. प्लग काढा, प्रत्येक भोकात फॉगिंग ऑइलचा फवारा मारा. मिळालं नाही तर चमचाभर स्वच्छ इंजिन ऑइल चालेल, त्याहून जास्त नको. मग स्टार्टर एक-दोन सेकंद फिरवा म्हणजे तेल पसरतं. हे करताना पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद हवीत. सी-डूत थ्रॉटल पूर्ण दाबून धरून मग स्टार्ट दाबलं की दोन्ही बंद राहतात. यामाहाच्या तुमच्या मॉडेलला काय पद्धत आहे ते तिच्या मॅन्युअलमध्ये पाहूनच करा, अंदाजाने नाही. सुपरचार्जर असलेल्या मशीनला हवेच्या पाइपातून फॉगिंग ऑइल मारायचं नाही, इंटरकूलर तेलकट होतो. प्लगच्या भोकातूनच.

आणि म्हणूनच दर रविवारी पाच मिनिटं चालू करायला मी मनाई करतो. पाच मिनिटांत फोर-स्ट्रोक इंजिन नीट तापत नाही, उलट आत दव धरतं आणि ते ऑइलमध्ये उतरतं. पहिल्याच स्टार्टला तुम्ही मारलेला तेलाचा थर जळून जातो. आणि पावसात नळी कोण लावणार म्हणून पोरगा पाण्याशिवायच मारतो, एक्झॉस्टचा रबरी होज भाजतो. त्या सल्ल्यामागची काळजी खरी आहे, जुन्या टू-स्ट्रोकच्या काळात बॅटरी उतरू नये आणि कार्बोरेटर चिकटू नये म्हणून लोक असं करत. आता बॅटरीसाठी चार्जर आहे आणि तुमच्याकडे कार्बोरेटर नाही. एकदा नीट झोपवलं की उठवू नका.

बॅटरी काढून घरात न्या. आधी काळी वायर, मग लाल. कोरड्या जागी लाकडी फळीवर ठेवा, महिन्यातून एकदा मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या वर असली तर ठीक, १२.४ कडे गेली की कमी ॲम्पिअरच्या, आपोआप थांबणाऱ्या चार्जरवर लावा. ट्रकच्या बॅटऱ्या भरायच्या मोठ्या चार्जरवर नको. विजांचा कडकडाट चालू असताना चार्जरही भिंतीतून काढून ठेवा. सीटसुद्धा घरातच बरी. खालच्या पिनांच्या भोकांतून तिचा फोम पाणी पितो. तिला दोन दिवस उभी टेकवून ठेवा, किती पाणी गळतं ते पाहून तुम्हीच चकित व्हाल. सुकल्याशिवाय ठेवली तर श्रावणापर्यंत काळी बुरशी.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा: भरतीची आणि वादळाच्या लाटेची रेघ, पावसाच्या पाण्याचा लोट, आणि वर काय आहे. माडाखाली नको. नारळ पडेलच असं नाही, झावळ मात्र पडतेच. ट्रेलरवर ठेवणार असाल तर चाकांचे हब उघडून ग्रीस बदला, कारण ती चाकं हंगामभर खाऱ्या पाण्यात बुडत आली आहेत, आणि ॲक्सलखाली चिरे लावून टायर जमिनीपासून उचला. ट्रेलर नसेल तर चिऱ्यांच्या दोन ओळी, त्यावर जुने टायर, आणि त्यावर स्की, नाक एक वीतभर उंच. ड्रेन प्लग काढलेलेच राहू द्या. ते एका कापडी पिशवीत घालून हँडलला बांधा, म्हणजे हरवणार नाहीत आणि लावायचे विसरणार नाहीत.

झाकण्याबद्दल. निळी ताडपत्री अंगाला घट्ट गुंडाळली की आत घाम धरतो, दिवसा वाफ, रात्री थेंब. त्यापेक्षा उघडी बरी असं मी म्हणेन. आपले मच्छीमार होड्या वर ओढून त्यांवर झापांची शाकार करतात, तिला बाजूंनी वारा लागतो. तत्त्व तेच धरा: वर पक्कं छप्पर, बाजू मोकळ्या, आणि मशीनवर हवा जाऊ देणारं कापडी कव्हर. शेड नसेलच तर ताडपत्री बांबूच्या आढ्यावर ताणून बांधा, स्कीला टेकू देऊ नका. सीटची जागा पूर्ण बंद केली तर आत कोंदटतं, उघडी ठेवली तर उंदीर. मी तिथे बारीक तारेची जाळी ठोकलेली लाकडी चौकट बसवतो.

उंदरांना कमी लेखू नका. वायरींचं आवरण आणि हवेचा फिल्टर त्यांना पावसाळ्यात घर म्हणून फार आवडतो. डांबरगोळ्यांनी त्यांना काही होत नाही, वास मात्र गिऱ्हाइकाला डिसेंबरपर्यंत येतो. एक्झॉस्टच्या तोंडाला तेलकट फडकं कोंबून वर जाळी, पंपाच्या खालच्या जाळीला आणि मागच्या नोझलला पण जाळी. बाजूला पाण्याची बारीक पिचकारी मारणारं जे छिद्र असतं त्यावर चिकटपट्टी लावा, नाहीतर कुंभारमाशी त्यात मातीचं घर करते आणि सप्टेंबरात तुम्ही पाणी का येत नाही म्हणून इंजिन उघडत बसता. ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवायच्या तर सिलिका जेलच्या ठेवा. बाजारात मिळणारे ते डबे, ज्यांत पाणी साचत जातं, त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतो. तो डबा इंजिनाजवळ कलंडला की तुम्ही मेहनतीने काढलेलं मीठ दुसऱ्या नावाने परत आत येतं. शंभराचा बल्ब लावून आत ऊब ठेवण्याची युक्तीही कुणी सांगेल. पेट्रोलची वाफ असलेल्या बंद जागेत दिवा, मी तरी लावणार नाही.

लाइफ जॅकेटं गोड्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळवा आणि टांगून ठेवा, घडी घालून नाही. ज्यांचे पट्टे जिथे शिवलेत तिथून उसवलेत, ती आताच बाजूला काढा. बनाना, ट्यूब वगैरे हवा भरायच्या वस्तू धुऊन, टाल्कम पावडर मारून, अर्धवट हवा ठेवून माळ्यावर टाका.

सगळं स्वतः करायचं की माणूस बोलवायचा, हे तुमच्या हातावर आहे. धुणं, बॅटरी, पेट्रोल, झाकणं हे कुणीही करू शकतं आणि खरा फायदा त्यातच आहे. ऑइल आणि फॉगिंग एकदा कुणाच्या शेजारी उभं राहून शिकून घ्या. पंप उतरवणं आणि कूलंट बदलणं मेकॅनिककडून. आणि बजेट अगदीच तोकडं असेल तर मी एवढंच म्हणेन: गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा, नवं ऑइल घाला, बॅटरी घरात न्या. बाकी काही केलं नाही तरी या तीनांवर मशीन तग धरतं.

ऑगस्टच्या शेवटी उघडाल तेव्हा घाई करू नका. आत हात घालण्याआधी हलवर काठीने ठोका, पावसाळ्यात विंचू-साप अशा कोरड्या पोकळीतच येऊन बसतात. एक्झॉस्टमधलं फडकं आणि सगळ्या जाळ्या काढल्यात याची खात्री करा. म्हणूनच मी मे महिन्यातच हँडलला लाल चिंधी बांधतो आणि जेवढ्या जाळ्या लावल्या तेवढ्या गाठी मारतो. ऑइल बघा, बॅटरी लावा, या वेळी आधी लाल मग काळी. नळी जोडून, आधी इंजिन मग पाणी या क्रमाने, मिनिटभर चालवा. पहिले काही क्षण पांढरा-निळा धूर येईल, तो फॉगिंगचा, घाबरू नका. तो ओसरला आणि आवाज स्थिर झाला की बंद करा, स्पार्क प्लग नवे टाका. हँडलची कापडी पिशवी सोडून ड्रेन प्लग लावा, आणि मगच स्की पाण्यात लोटा. पहिली फेरी एकट्याने, किनाऱ्यालगत, दहा मिनिटांची. परत येऊन सीट उचला आणि तळात पाणी आलंय का ते बघा. चमचाभर असेल तर पुसून टाका, वाटीभर असेल तर शाफ्टचं सील बघितल्याशिवाय गिऱ्हाईक बसवू नका.